समुद्र कुठंय? सिंगापुरातले अडीच दिवस

शुक्रवार

विमान खाली येऊ लागलं तेव्हा आईचं नाक खिडकीच्या काचेला चिकटलेलं होतं. खाली समुद्र आणि समुद्रात नांगर टाकून उभी असलेली जहाजं, अगदी मुंग्यांची रांग लागावी तशी. ती मोजायला लागली. एकवीसवर पोचली आणि विमानाचा पंख कलंडला, समुद्र गेला, आभाळ आलं. "जाऊ दे," ती म्हणाली, "उतरल्यावर निवांत बघू. बेटच तर आहे. जाईल तिकडे समुद्र असेल."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचे दोन दिवस मी त्याचीच शिक्षा भोगली.

चांगी विमानतळावरून लोक बाहेर पडायच्या ऐवजी आत शिरतात. कारण 2019 साली उघडलेलं 'ज्वेल'. काचेच्या घुमटाला मधोमध भोक, त्यातून 40 मीटर उंचीचा धबधबा कोसळतो आणि भोवती चार मजल्यांवर झाडी. आई पाच मिनिटं बोललीच नाही. मग म्हणाली, "एवढं पाणी येतं कुठून?" यात पावसाचं साठवलेलं पाणीही वापरतात, असं मी सांगितलं. तिला पटलं. पाणी वाया घालवलेलं तिला चालत नाही, मग धबधबा कितीही देखणा असो.

मेट्रोला इथे 'एमआरटी' म्हणतात. स्वतःचं बँकेचं कार्ड फाटकावर टेकवलं की झालं, तिकीट काढायची भानगड नाही. एक गोष्ट मात्र आधी कळली असती तर बरं झालं असतं: एका कार्डावर एकच माणूस जातो. मी आत, आई बाहेर, मध्ये फाटक आणि मागे सुटकेसवाल्यांची रांग. शेवटी तिच्यासाठी वेगळं कार्ड घेतलं. डब्यात दंडाच्या पाट्या: खाल्लं-प्यायलं तर 500 डॉलर, धूम्रपान 1000 डॉलर. शेजारी ड्युरियनचं, म्हणजे फणसासारख्या काटेरी आणि उग्र वासाच्या फळाचं चित्र, त्यावर आडवी रेघ, पण दंडाचा आकडा नाही. आई म्हणाली, "म्हणजे फणसावर दया दाखवलीय."

तानाह मेराह स्टेशनवर गाडी बदलायची असते. मलय भाषेत या नावाचा अर्थ तांबडी माती. पूर्वी इथल्या किनाऱ्यावर तांबडे कडे होते आणि ते समुद्रातून दिसायचे, त्यावरून हे नाव पडलं. "मग किनारा कुठाय?" आईने लगेच विचारलं. खिडकीतून दिसत होत्या त्या इमारती, झाडं, पुन्हा इमारती.

हॉटेलबद्दल फार लिहीत नाही. खोलीला खिडकी नव्हती. पडदा होता. आईने हौसेने तो सरकवला तर मागे भिंत. आरक्षण करताना 'खिडकी नाही' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं म्हणे. सिंगापुरात स्वस्तातली खोली घेताना ती बारीक अक्षरं वाचा, एवढंच सांगते.

संध्याकाळी मरीना बे. रॅफल्स प्लेसला उतरून नदीकडे चालत गेलो. फुलर्टन हॉटेल म्हणजे 1928 सालची भलीथोरली इमारत, पूर्वी तिथे मुख्य टपाल कचेरी होती. तिच्या बाजूला कॅव्हेना पूल आहे, एकोणिसाव्या शतकातला, आता फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. पुलाच्या तोंडाशी अजून जुनी लोखंडी पाटी आहे. तीन हंड्रेडवेटहून, म्हणजे साधारण दीडशे किलोंहून, जड वाहनांना बंदी, तसंच सर्व गुरं आणि घोड्यांना बंदी. पाटीमागे पन्नास-पन्नास मजली बँका झगमगतायत आणि पाटी गुरांना अडवतेय. आम्ही दोघींनी तिथे जेवढे फोटो काढले तेवढे मरलायनपाशीही काढले नाहीत.

मरलायन म्हणजे तोंड सिंहाचं, धड माशाचं, तोंडातून पाण्याची चूळ. पुतळा 1972 सालचा, 8.6 मीटर उंच. आधी तो नदीच्या मुखाशी होता. पुढे मध्ये नवा पूल आला आणि समोरचं दृश्य अडलं, म्हणून 2002 साली अख्खा पुतळाच 120 मीटर पलीकडे हलवला. समोर तीन मनोऱ्यांवर जहाज ठेवल्यासारखं दिसणारं मरीना बे सँड्स हॉटेल, आणि मधे काळंभोर पाणी.

"आला बाई एकदाचा समुद्र," आई म्हणाली.

मी खरं सांगून टाकलं. हा समुद्र होता. 2008 साली खाडीच्या तोंडाशी बंधारा घातला, हळूहळू खारं पाणी जाऊन गोडं भरलं. आता हा पिण्याच्या पाण्याचा जलाशय आहे. सिंगापूरला पाण्याची चणचण, शेजारच्या मलेशियातल्या जोहोर राज्याकडून पाणी घ्यावं लागतं, आणि 1962 सालचा तो करार 2061 मध्ये संपतो. म्हणून मिळेल तिथे पाऊस साठवायचा.

आई बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. "म्हणजे हे तळं?"

"तळंच."

आठ वाजता पाण्यावर दिव्यांचा खेळ झाला. गर्दी खूप, गाणी मोठी. तिने तो तळ्याचा म्हणूनच पाहिला.

शनिवार

सकाळी कोपी. इथली कॉफी मागायची एक परिभाषा आहे आणि ती पाठ केल्याशिवाय हवं ते मिळत नाही. नुसतं 'कोपी' म्हटलं की गोड कंडेन्स्ड दूध घालून येतं. 'कोपी-ओ' म्हणजे बिनदुधाची, पण साखर आहेच. 'कोपी-सी' म्हणजे इव्हॅपोरेटेड दूध. साखर नको असेल तर पुढे 'कोसोंग' जोडायचं, मलयमध्ये त्याचा अर्थ रिकामं. मी आईसाठी 'कोपी-सी कोसोंग' मागितली आणि उगाच छाती फुगवून परत आले. सोबत काया टोस्ट: नारळाचं दूध, अंडी, साखर आणि पांदानच्या पानांचा मुरंबा, त्यात थंड लोण्याची जाड कापं. आईला अंडं चालतं, मांस नाही. पण टोस्टबरोबर आलेली अर्धी कच्ची अंडी, वर सोया सॉस आणि मिरपूड, तिने माझ्याकडे सरकवली. "ही उकडायची राहिलीत. परत दे त्यांना."

मग मॅक्सवेल रोडवरच्या सिटी गॅलरीत गेलो. शहर नियोजन खात्याची ही जागा फुकट पाहता येते, रविवारी मात्र बंद असते. शहराच्या मध्यभागाची एवढी मोठी प्रतिकृती मी कुठे पाहिली नव्हती. बोटाएवढ्या इमारती, काडीएवढे रस्ते. माझ्यासाठी हे सबंध सहलीतलं सगळ्यात आवडतं ठिकाण ठरलं आणि आईसाठी सगळ्यात त्रासाचं, कारण इथेच तिला कळलं की समुद्र पळालाय. स्वातंत्र्याच्या सुमारास, 1965 साली, हा देश साधारण 580 चौरस किलोमीटर होता. आज 730 च्या वर आहे. डोंगर खणले, वाळू आणली आणि समुद्रात भर घातली. सुरुवात तर 1822 सालीच झाली होती. आजचं रॅफल्स प्लेस म्हणजे तेव्हाची एक टेकडी. ती तोडून तिच्या मातीने नदीकाठची दलदल बुजवली.

आईने छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. ती प्रतिकृतीच्या कडेला उभी राहून बोटाने हवेत रेघ ओढत होती. "म्हणजे किनारा इथून इथे आला. मग आधी जिथे होता तिथे जाऊ या. जुना किनारा बघू."

माझ्या यादीत सेंटोसा हे करमणुकीचं बेट होतं, केबल कार होती. पण विद्यार्थिनीचं कोण ऐकतं.

आधी जेवण. रस्त्यापलीकडे मॅक्सवेल फूड सेंटर. इथली ही हॉकर केंद्रं 2020 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. म्हणजे छप्पर, पंखे, शंभरेक गाळे, आणि प्रत्येक गाळा आयुष्यभर दोन-तीनच पदार्थ करणारा. शनिवारी दुपारी एकही टेबल रिकामं नव्हतं. नव्हतं म्हणजे, एक होतं. त्यावर फक्त टिश्यू पेपरचं छोटं पाकीट पडलेलं. आई बसली. "कुणीतरी विसरलं वाटतं," म्हणून तिने ते पाकीट उचलून शेजारच्या टेबलावरच्या बाईंना देऊ केलं.

त्या बाई गडबडल्या. "नो, नो, आंटी! चोप ऑलरेडी ला!"

तेवढ्यात दोन तरुण हातात ताटं घेऊन आले आणि आमच्याकडे बघत उभे राहिले. तेव्हा उमगलं. 'चोप' करणं म्हणजे जागा धरणं, आणि जागा धरायला टिश्यूचं पाकीट पुरतं. कोणी त्याला हात लावत नाही. आईने हात लावला होता. ती इतकी ओशाळली की मराठीतच माफी मागत उठली. त्या मुलांनी हसून आम्हाला टेबलाची अर्धी बाजू दिली. मी चिकन राईस घेतला, आईने उसाचा रस आणि शेंगदाण्याचं सारण भरलेला जाडसर पॅनकेक. जेवण झाल्यावर तिने सगळ्यांची ताटं उचलून मांडणीत नेऊन ठेवली, त्या मुलांचीसुद्धा. इथे ताट टेबलावर टाकून जाता येत नाही, पहिल्यांदा लेखी ताकीद आणि पुन्हा सापडलात तर 300 डॉलर. पण आईने ते दंडासाठी केलं नाही, हे मला आणि त्या मुलांना कळत होतं. बाहेर पडताना तिने मला टिश्यूची दोन पाकिटं घ्यायला लावली.

जवळच श्री मरिअम्मन मंदिर, 1827 सालापासूनचं, इथलं सर्वांत जुनं हिंदू देऊळ. आई पाया पडली, मी गोपुरावरच्या गायी मोजल्या. तिथून तेलोक आयर स्ट्रीट.

तेलोक आयर म्हणजे पाण्याची खाडी. एकेकाळी हाच किनारा होता. चीनहून, तामिळ मुलखातून आलेली गलबतं इथे लागायची आणि जिवंत पोचलेली माणसं आधी देवाचे आभार मानायला जायची. त्यामुळे एकाच रस्त्यावर थोड्या थोड्या अंतरावर देवस्थानं आहेत. दक्षिण भारतातून आलेल्या चुलिया मुसलमानांनी नागोरच्या दर्ग्याच्या आठवणीने बांधलेला दर्गा, आणि थियान होक केंग, समुद्राची देवता माझू हिचं देऊळ. ते 1839 ते 1842 या काळात बांधलं, एकही खिळा न वापरता.

आम्ही पोचलो आणि पाऊस कोसळला. विषुववृत्तापासून हे शहर जेमतेम 137 किलोमीटरवर. इथला पाऊस रिमझिम वगैरे करत नाही, बादली ओततो. जुन्या घरांच्या पुढे मात्र सलग पडव्या आहेत, पाच फुटी. 1822 सालच्या नियोजनातच तसा नियम घातलेला, की प्रत्येक घराने रस्त्याच्या बाजूला छपराखालची वाट सोडायची. त्या पडवीतून आम्ही देवळापर्यंत कोरड्या पोचलो. आत उदबत्तीचा धूर, कोरीव तुळया, छपराच्या कडेवर ड्रॅगन, आणि गाभाऱ्यात शांत चेहऱ्याची माझू. आईने हात जोडले, मग वळून देवीची नजर जाते तिकडे पाहिलं. दार, रस्ता, रस्त्यापलीकडे कचेऱ्यांच्या भिंती. "हिच्या समोर समुद्र होता?" उंबऱ्याच्या थोडं पुढे, हो. 1880 च्या दशकात भर घातली. आता समुद्र गाठायचा तर बऱ्याच टोलेजंग इमारती ओलांडाव्या लागतील.

"बिचारी," आई म्हणाली. माझ्याजवळची पाण्याची बाटली मागून घेतली, ओंजळीत चार थेंब घेतले आणि देवळाच्या दाराशी सोडले. पावसात कोणाला दिसलंही नाही.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर पडांग. मलयमध्ये पडांग म्हणजे मैदान. एका बाजूला खांबांची जुनी नगरपालिका इमारत, आता तिथे राष्ट्रीय कलादालन आहे. 5 जुलै 1943 रोजी याच इमारतीसमोर नेताजींनी आझाद हिंद सेनेची पाहणी केली आणि 'चलो दिल्ली'ची हाक दिली. आईला हे माझ्याकडून ऐकायची गरज नव्हती. तीच मला सांगत होती, भर मैदानात, वर्गात उभी असल्यासारखी. ऑक्टोबरमध्ये कॅथे इमारतीत हंगामी सरकारची घोषणा. दुसऱ्या दिवशी झाशीची राणी पलटणीची छावणी उघडली, तीही इथेच. पलटणीच्या प्रमुख लक्ष्मी स्वामिनाथन इथे डॉक्टरकी करत होत्या. "आणि पलटणीतल्या कितीतरी मुली मलायातल्या रबराच्या मळ्यांत राबणाऱ्या तामिळ मजुरांच्या. झाशी कुठे आहे हे कुणी त्यांना नकाशात दाखवलं असेल की नाही, देव जाणे."

रस्ता ओलांडून एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची खूण आहे. मूळ स्मारकाची कोनशिला नेताजींनी 8 जुलै 1945 रोजी बसवली. इंग्रज परत आले आणि त्यांनी ते पाडलं. पन्नास वर्षांनी, 1995 मध्ये, जागा दाखवणारी खूण उभारली. 'इत्तफाक, एतमाद, कुर्बानी', म्हणजे एकी, विश्वास, बलिदान. पर्यटक मागच्या मरीना बेचे फोटो काढत होते, आमच्याकडे कोणी बघत नव्हतं. आईने पायातल्या चपला काढल्या. ओल्या गवतात उभी राहिली आणि पुटपुटत काहीतरी म्हणाली. मी विचारलं नाही.

रविवार

सकाळी बोटॅनिक गार्डन्स. 1859 सालची बाग, 2015 पासून जागतिक वारसा, प्रवेश फुकट. ऑर्किडची बाग फार सुंदर आहे, तिचं वेगळं तिकीट असतं, आणि फुलांबद्दल मला लिहिता येत नाही. दोन झाडांबद्दल मात्र लिहिते. एक तेंबुसू. बागेच्याही आधीपासून उभं असलेलं हे झाड इथल्या पाच डॉलरच्या नोटेवर आहे. आईने नोट समोर धरली, एक डोळा मिटून आडवी फांदी जुळवली आणि खात्री पटल्यावरच नोट परत पाकिटात ठेवली. दुसरं रबराचं. त्याची रोपं 1877 मध्ये लंडनच्या क्यू बागेतून इथे आली. पुढे बागेचे संचालक हेन्री रिडली यांनी झाड न मारता चीक काढायची पद्धत बसवली आणि शेतकऱ्यांना हे पीक घ्या म्हणून गळ घालत राहिले. मलायाभर मळे झाले.

"आणि मळ्यांवर राबायला माणसं आणली," आई म्हणाली. कालचा धडा तिने आज इथे पूर्ण केला.

दुपारी बीच रोड. नावाला भुलून तिनेच हट्ट धरला होता. बीच रोडवर बीच नाही, हे मी आता काय सांगू. 1887 मध्ये रॅफल्स हॉटेल इथे उघडलं तेव्हा समोर समुद्र होता. आज समोर रस्ता, त्यापुढे मॉल, त्यापुढे आणखी रस्ते. आई हसायलाच लागली. "यांनी समुद्र नेला आणि पाटी ठेवली!"

जवळच सुलतान मशीद. सध्याची इमारत 1932 सालची, सोनेरी घुमट लांबूनच दिसतो. पण जवळ जाऊन घुमटाच्या बुडाशी बघा. काळपट पट्टा दिसतो तो नक्षीचा नाही, बाटल्यांच्या बुडांचा आहे. श्रीमंतांनी पैसे दिले; ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी काचेच्या बाटल्या गोळा करून दिल्या, आपलाही हातभार लागावा म्हणून. उन्हात ती बुडं एकेक करून चमकतात. मी फोन मोठा करकरून आईला दाखवलं, तिने तो बाजूला केला आणि कपाळावर हात धरून स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. हाजी लेनमधली भित्तिचित्रं, अत्तरं, कपड्यांची दुकानं यात तास गेला, त्यातलं सांगण्यासारखं काही नाही.

चार वाजता मरीना बॅरेज. म्हणजे तोच शुक्रवारचा खाडी अडवणारा बंधारा. मुद्दाम ठेवला होता शेवटाला. 350 मीटर लांब, नऊ पोलादी दारं. जोराचा पाऊस आला आणि बाहेर ओहोटी असली की दारं खाली करून जादा पाणी समुद्रात सोडतात. भरती असेल तर दारं उघडून उपयोग नाही, समुद्रच आत येईल, तेव्हा सात अजस्र पंप पाणी उपसून बाहेर फेकतात. चायनाटाऊनसारखे सखल भाग त्यामुळे बुडायचे थांबले. म्हणजे आमचं ते बिनखिडकीचं हॉटेलही.

पंपघराच्या छपरावर हिरवळ आहे आणि रविवारी तिथे अर्धं शहर पतंग उडवायला येतं. ऑक्टोपसच्या आकाराचे, माशांचे, दहा फुटी शेपट्यांचे. आई पतंगांखालून वाकत वाकत पलीकडच्या कठड्याशी गेली आणि थांबली.

समोर समुद्र. जहाजांसकट.

"इकडे गोडं आणि तिकडे खारं?" तिने दोन्हीकडे मान फिरवली. मी हो म्हटलं. तिने कठड्यावरून खाली बघितलं. पाणी फार खाली होतं. "दिसला," ती म्हणाली, "पण पाय कुठे भिजतायत."

रात्री पावणेआठला गार्डन्स बाय द बेमध्ये सुपरट्रीजचा प्रकाशखेळ पाहिला. 25 ते 50 मीटर उंचीची पोलादी झाडं, त्यांच्या अंगावर खरी झाडं चढवलेली. गवतावर उताणं पडून बघायचं असतं. खेळ फुकट आणि सुरेख. आई अर्ध्यात झोपली.

सोमवार

विमान दुपारचं होतं. विमानतळाकडे जाणारा मोठा रस्ता ईस्ट कोस्ट पार्कला लागूनच जातो. सकाळी सात वाजता टॅक्सीत सामान टाकलं आणि चालकाला सांगितलं, आधी किनाऱ्यावर घे. मलय काका होते, त्यांनी आरशातून आईकडे बघितलं आणि प्रश्न न विचारता वळवली.

ईस्ट कोस्टची जमीनसुद्धा भर घालूनच केलेली. 1966 पासून बेडोककडच्या टेकड्या खणून माती इथे टाकली. आईला हे गॅलरीतच कळलेलं होतं. टॅक्सीतून उतरताना तिनेच मला सांगितलं, "टेकडीवर उभे आहोत आपण, लक्षात ठेव."

माडांची रांग, सायकलवाले, ताई ची करणारे आजी-आजोबा, आणि पिवळसर वाळू. लाटा अगदी छोट्या. समोर जहाजं नांगरून उभी, नजर जाईल तिथवर. एक बाक रिकामा होता. आईने पर्समधून टिश्यूचं पाकीट काढलं, बाकाच्या बरोबर मध्यभागी ठेवलं, त्यावर माझी किल्ल्यांची जुडी ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून. मग साडी घोट्याच्या वर खोचली आणि पाण्याकडे निघाली.

"अगं, कोण बसणारे इथे? सकाळचे सात वाजलेत!"

"असू दे. चोप," मागे न बघता ती म्हणाली, आणि एक, दोन, तीन करत जहाजं मोजायला लागली.